उजेड खाली पाडा

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला शिकवणारा प्रत्येक जण पहिली सूचना एकच देतो : शहरापासून दूर, अंधाऱ्या जागी जा. या सूचनेलाच माझी हरकत आहे. मी खापरखेड्यात राहतो. आमच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर कोराडी आणि कोराडीच्या मागे अख्खं नागपूर. आग्नेयेला कामठी. आजूबाजूला सिल्लेवाडा, वलनी, चनकापूर, कोळशाच्या खाणी आणि खाणींवरचे दिवे. गावाला खेटून औष्णिक वीज केंद्र, २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १३४० मेगावॅट. इथून दूर जायचं म्हणजे कुठल्या दिशेला, ते त्या सूचनेत नसतं. रात्री बारा वाजता खांद्याला कॅमेरा अडकवून, कोळशाच्या हायवा ट्रकांच्या रस्त्यानं, दुचाकीवर पन्नास-साठ किलोमीटर जायचं आणि सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचं, हे कसं जमवायचं तेही नसतं. ज्याला गावातूनच, आपल्या घराच्या गच्चीवरूनच तारे टिपायचे आहेत त्याच्यासाठी कुणी दोन ओळी लिहीत नाही.

वीज केंद्राविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, हे आधीच सांगतो. तिथे रात्रपाळीला माणसं असतात. त्यांना पायाखालचं दिसलंच पाहिजे. चिमण्यांवरचे लाल दिवे विमानांसाठी असतात आणि ते लागलेच पाहिजेत. खापरखेड्यात राहायचं आणि प्लांटचा उजेड नको म्हणायचं, हा न्याय नाही. माझ्या तक्रारी त्याहून फार लहान आहेत. लहान आहेत म्हणूनच त्या कुणी ऐकून घेत नाही, आणि एकेक करून त्याच माझी अख्खी रात्र खातात.

सगळ्यात आधी आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा. पूर्वी तिथे पिवळा सोडियमचा दिवा होता. आता पांढरा एलईडी आहे. जुने पथदिवे काढून एलईडी लावण्याची केंद्राची योजना २०१५ साली आली, आणि त्यानं वीज वाचते हे मान्य. वीज कशी तयार होते ते आमच्या गावाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, तेव्हा ती वाचते याचा आनंदच आहे. पण सोडियमच्या दिव्याचा बराचसा उजेड पिवळ्या-नारिंगी पट्ट्यातच असायचा. फोटोवर नंतर काम करताना तो बराच कमी करता यायचा, भिंगापुढे फिल्टर लावूनही थोडाफार अडवता यायचा. पांढऱ्या एलईडीत सगळे रंग असतात आणि निळा भरपूर असतो. निळा प्रकाश हवेत सगळ्यात जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते त्याच कारणानं, आणि रात्री ते राखाडी-पांढुरकं होतं तेही त्याच कारणानं. असा उजेड फोटोतून वेगळा काढता येत नाही, कारण ताऱ्यांचा प्रकाशही त्याच रंगांचा आहे.

तरीही दिव्याच्या रंगाचं मी सहन केलं असतं. खरी अडचण तो तिरपा बसवला आहे ही आहे. दिव्याचा चेहरा सरळ जमिनीकडे असेल तर उजेड रस्त्यावर पडतो, जिथे त्याचं काम आहे. चेहरा जरा वर उचलला की तोच उजेड समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर आणि तिथून पुढे आकाशात जातो. आमच्या गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात माझ्या गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे स्पष्ट दिसतात. त्याच खांबाच्या बुडाशी नाली आहे, ती मात्र अंधारातच असते. हे दुरुस्त करायला नवा दिवा लागत नाही, पैसे लागत नाहीत. एक नट सैल करायचा, दिवा खाली वळवायचा आणि नट परत आवळायचा. कुणाच्या अखत्यारीत हे काम येतं ते मला ठाऊक आहे, पण त्यांचं नाव इथे घेत नाही.

त्यात घरोघरीचे फोकस. चोर येऊ नयेत म्हणून लोक गच्चीच्या कठड्यावर शंभर-शंभर वॅटचे फोकस लावतात आणि ते रात्रभर सुरू ठेवतात. फोकस डोळ्यात गेला की माणसाला त्याच्या मागच्या सावलीतलं काही दिसत नाही. बाहुली आकुंचन पावते आणि अंधार अधिकच गडद होतो. म्हणजे चोराला लपायला जागा मिळते आणि मला मृग नक्षत्राखालचे मंद तारे मिळत नाहीत. हालचाल झाली तरच लागणारे दिवे बाजारात मिळतात. त्यांनी चोरही बिचकतो आणि बाकीची रात्र अंधारी राहते. हे मी ज्याला त्याला सांगतो. लोक म्हणतात, "बरोबर आहे भाऊ तुमचं," आणि फोकस तसाच सुरू राहतो.

आता कॅमेरा. माझा कॅमेरा नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा साधा डिजिटल एसएलआर आहे, सोबत १८-५५चं भिंग. असे कॅमेरे बनवणाऱ्या सगळ्यांनाच मला काही सांगायचं आहे. नवशिका माणूस फक्त वाढदिवस आणि सहलीचेच फोटो काढतो, हे कुणी ठरवलं? कॅमेरा ऑटोवर ठेवून ताऱ्यांकडे रोखला की आतला फ्लॅश आपोआप उघडतो आणि शेकडो प्रकाशवर्षं दूर असलेल्या ताऱ्यावर उजेड टाकायला निघतो. कधी फोकस जमवायला म्हणून तोच फ्लॅश चार-पाच वेळा फडफडतो, आणि समोरच्या घरातले लोक खिडकीत येतात. ऑटोफोकसला तारा दिसतच नाही. तो भिंग पुढे-मागे फिरवत राहतो आणि फोकस जमला नाही म्हणून बटण दाबलं तरी शटर उघडत नाही.

मग हातानं फोकस करायचा. जुन्या भिंगांवर अंतराचे आकडे असायचे आणि टोकाला अनंताची, आडव्या आठाची खूण असायची. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या आजच्या भिंगावरून ती खूण काढून टाकली आहे. रिंग अनंताच्याही पुढे फिरते, आणि नेमकं कुठे थांबायचं ते अंधारात बोटांना कळत नाही. काही नव्या भिंगांमध्ये तर फोकस विजेवर फिरतो. कॅमेरा वीज वाचवायला थोडा वेळ निजला की मेहनतीनं जमवलेला फोकसही निघून जातो. एक खूण छापायला किती खर्च येत असेल? महागड्या भिंगांवर ती अजूनही छापतात. ज्याला सगळं येतं त्याला खूण द्यायची आणि ज्याला शिकायचं आहे त्याच्याकडून ती काढून घ्यायची, यामागचं कारण कुणीतरी मला समजावून सांगावं.

यावर जो उपाय आहे तो मी इथे देतो, कारण तो शोधायला मला वेळ लागला आणि दुसऱ्या कुणाचा जाऊ नये. लाइव्ह व्ह्यू लावा. आकाशातला सगळ्यात ठळक तारा, हिवाळ्यात व्याध, पडद्यावर आणा. तो पाच पट, मग दहा पट मोठा करा. रिंग अगदी हळू फिरवत तारा लहानात लहान ठिपका होईल तिथे थांबा, आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून ती पक्की करा. भिंगाचं ऑटोफोकस बंद, तिपाईवर असताना भिंगातलं स्टॅबिलायझर बंद, शटरला दोन सेकंदांचा टायमर. १८ मिलिमीटरवर छिद्र पूर्ण उघडं म्हणजे ३.५, आयएसओ १६००, आणि पंधरा-सोळा सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यानं ताऱ्यांच्या रेघा होतात. पाचशेला भिंगाच्या लांबीनं भागा, आणि आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान म्हणून आलेल्या उत्तराला आणखी दीड-पावणेदोननं भागा. हे सगळं कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत एका पानात मावलं असतं.

पडद्याचीही तक्रार आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याचा पडदा इतका झगझगीत दिसतो की प्रत्येक फोटो छान आलाय असं वाटतं. सकाळी संगणकावर पाहिलं की कळतं, अर्धे काळे पडले आहेत. आणि फोटोतले रंगीत ठिपके कमी करण्याची जी सोय कॅमेऱ्यात असते, ती पंधरा सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर शटर मिटून आणखी पंधरा सेकंद काळा फोटो घेत बसते. तेवढ्यात उल्का पडते. मे महिन्यात हे ठिपके फार वाढतात. सेन्सरचं तापमान साधारण सहा ते आठ अंशांनी वाढलं की त्याच्यातली नुसत्या उष्णतेची गडबड दुप्पट होते, आणि आमच्याकडे मेमध्ये रात्री दहा वाजताही गच्चीची फरशी तळव्यांना चटका देते. आयएसओ अमुक ठेवा, तमुक ठेवा म्हणून जे आकडे सुचवले जातात ते थंड हवेच्या देशांतले आहेत. विदर्भाचे आकडे कुणी काढलेले नाहीत.

चंद्राबद्दल इथेच बोलून घेतो, कारण लोकांना तारे नको असतात, चंद्र हवा असतो. ५५ मिलिमीटरच्या भिंगातून सेन्सरवर चंद्राची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर पडते. सहा हजार ठिपके रुंद असलेल्या फोटोत चंद्राच्या वाट्याला सव्वाशेच्या आसपास ठिपके येतात. एवढ्यात विवरं कशी दाखवायची? तरी कोजागिरीला आटवलेल्या दुधाचं पातेलं गच्चीवर आलं की मला बोलावणं येतं. दुधात पडलेला चंद्र आणि भोवती बसलेले सगळे, असा एकच फोटो हवा असतो. चंद्रावर थेट सूर्याचा उजेड पडलेला आहे, म्हणजे तिथे भर दिवस आहे. माणसं मात्र रात्रीच्या अंधारात बसलेली आहेत. एकाच फोटोत दोन्ही नीट येणं अशक्य आहे. हे मी दर कोजागिरीला समजावतो. शेवटी फ्लॅश मारायला सांगतात. मग माणसं येतात, दूधही येतं आणि चंद्राच्या जागी पांढरा डाग येतो.

संकष्टीचं वेगळंच. कॅमेरा घेऊन गच्चीवर दिसलो की खालून विचारणा सुरू होते, "दिसला का जी चंद्र?" पंचांगात वेळ छापलेली असते, तरी विचारतात. ज्यांचा उपास सुटायचा आहे त्यांना मी उत्तर देतोच, ते कर्तव्य आहे. पण उत्तर द्यायला कठड्यापाशी गेलो की गच्चीची फरशी हलते, तिच्याबरोबर तिपाई हलते आणि त्या फोटोतला प्रत्येक तारा दोनदा उमटतो.

अमावस्येचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. ताऱ्यांच्या फोटोला अमावस्येसारखी रात्र नाही, आणि नेमकं अमावस्येलाच रात्री बाहेर पडायचं नाही, असं आई म्हणते. शेजारच्या काकूही म्हणतात. गच्ची म्हणजे बाहेर नव्हे, हे त्यांना पटत नाही. वर्षभरातल्या अमावस्या मोजल्या तरी हाती किती लागतात? जेठ संपता संपता पाऊस येतो. आषाढ, श्रावण, भाद्रपद ढगात. पोळ्याच्या अमावस्येला आकाश उघडं असणं हा योगायोग. सर्वपित्रीला कधी मिळतं, कधी नाही. आणि पाऊस संपून हवा धुतलेली, वर्षातली सगळ्यात स्वच्छ असते तेव्हा जी पहिली अमावस्या येते ती दिवाळीची. त्या रात्री घरावर माळा, दारात पणत्या, आकाशात रॉकेट आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत न हलणारा धूर. दिवाळीबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की एवढ्या चांगल्या अमावस्येची भरपाई म्हणून कार्तिकातली तरी मला निवांत मिळावी. तर तेव्हा लग्नं सुरू झालेली असतात. लॉनवरचे शार्पी दिव्यांचे झोत आकाशात गरगरतात, आणि त्यांतला एकही झोत नवरा-नवरीवर पडत नाही.

ऋतूंचा अन्याय याहून मोठा आहे. आकाशगंगेचा सगळ्यात दाट, सगळ्यात देखणा भाग धनू-वृश्चिकाकडचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पहाटे उगवतो, मे-जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीच्या जेवणानंतर सोयीच्या वेळी समोर असतो. म्हणजे मे महिन्यात धूळ आणि जुलैत ढग. शिवाय तो दक्षिणेला असतो, कोराडी आणि नागपूरच्या बरोबर वर. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू साध्या कॅमेऱ्यातही येईल इतका ठळक होता. जगभरच्या हौशी लोकांनी तो टिपला. आमच्याकडे तेव्हा पाऊस होता. ऑगस्टमधल्या ययातीच्या उल्काही दरवर्षी पावसातच पडतात.

अगस्ती हा आकाशातला व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा. उत्तर युरोपातल्या लोकांना तो घरून कधीच दिसत नाही. आपल्याला दिसतो. खापरखेड्याहून तो दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त सोळा अंश चढतो, डिसेंबरअखेर मध्यरात्री आणि फेब्रुवारीत रात्री नऊच्या आसपास. अगस्ती उगवला की पाणी निवळतं असं जुने लोक सांगत. पण हिवाळ्यात कन्हान-कोलार नद्यांच्या काठावर थंड हवा खाली साचते, तिच्यात धुकं आणि धूर अडकून राहतात, आणि वरून नागपूरचा उजेड त्यावर पडतो. सोळा अंशांचा अगस्ती त्या थरात बुडतो. डोळ्यांना दिसतो, पण फोटोत त्याच्याभोवती पिवळट-पांढरा पडदा येतो आणि त्याचे शेजारी एकही येत नाहीत. बिना इथल्या संगमावर जाऊन पाहिलं, तिथे पाण्यावरच्या दमटपणानं भिंगावर दव धरतं. भिंग पुसलं की फोकस हलतो.

उत्तर बाजू त्या मानानं बरी आहे. ध्रुव तारा इथे क्षितिजापासून एकवीस अंशांवर. कॅमेरा तिकडे रोखून तासभर एकामागून एक फोटो घेतले आणि संगणकावर एकत्र केले की ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं येतात, आणि सप्तर्षी त्यांत ठळक कमान काढतात. पण नागपूर देशाच्या मध्यावर आहे. दिल्लीहून बेंगळुरू-चेन्नईकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी विमानं नागपूरच्याच आकाशातून एकमेकांना ओलांडतात, आणि रात्री ती कमी होत नाहीत. त्या वर्तुळांवर ठिपक्या-ठिपक्यांच्या सरळ रेघा आडव्यातिडव्या उमटतात. २०१९ पासून इंटरनेटसाठी सोडलेल्या उपग्रहांच्या माळा निघतात, त्यांची आणखी एक रेघ. प्रत्येक रेघ प्रत्येक फोटोतून वेगळी पुसावी लागते.

आणि मग असं होतं की ज्याची कुणी वाट पाहत नसतं तेच आकाशात घडतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला विदर्भाच्या आकाशात आगीचे गोळे एका रांगेत संथपणे सरकत गेले. एका चिनी रॉकेटचा राहिलेला भाग वातावरणात जळत होता. त्याचीच म्हणून एक मोठी धातूची कडी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीच्या शिवारात पडली. त्या संध्याकाळी लोकांनी जे टिपलं ते हातातल्या मोबाइलवर. तिपाई, चिकटपट्टी, दहा पट मोठा करून जमवलेला फोकस, यातलं काही काढायला तेव्हा कुणाला वेळ मिळाला नाही. तेव्हापासून मला भेटणारा प्रत्येक जण मोबाइल दाखवून म्हणतो, "आमच्या याच्यात तर आलं जी. तुमच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात काहून नाही आलं?"

मोबाइलशी माझं वैर नाही. आताचे चांगले फोन अनेक छोटे फोटो घेऊन ते जुळवतात आणि रात्र दिवसासारखी करून देतात. पण ते किती तारे स्वतःच्या मनानं गुळगुळीत करून टाकतात, हे पाहणाऱ्याला कळत नाही. साध्या कॅमेऱ्यातली कच्ची फाइल जे आलं तेच देते, ठिपक्यांसकट आणि पथदिव्यासकट. कृत्तिकेतले डोळ्यांना सहा दिसणारे तारे ५५च्या भिंगात पुष्कळ अधिक होतात. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली तलवारीच्या जागी जो धूसर डाग दिसतो, तो या साध्या भिंगातही गुलाबीसर येतो. तो तेजोमेघ आहे, तिथे नवे तारे जन्माला येत आहेत, आणि तो मी खापरखेड्यातून टिपलेला आहे. हा फोटो मी ग्रुपवर टाकतो तेव्हा तिथे तो आपोआप लहान होतो, दाबला जातो, मंद तारे आधी जातात, मग गुलाबी रंग जातो. उरलेल्या काळ्या चौकोनावर उत्तरं येतात. "छान." "हे काय आहे?" "डाग पडले आहेत, लेन्स साफ करून घे." त्याच्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो येतो आणि त्याला हात जोडलेले पंचवीस जण.

साध्या उपकरणाला हसणाऱ्यांना मला तळणीची गोष्ट सांगायची असते. धामणगाव आणि पुलगावच्या मधलं ते लहानसं रेल्वे स्टेशन. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा तिथून गेला आणि इंग्लंडमधल्या हौशी खगोल अभ्यासकांची तुकडी तळणीला येऊन थांबली. तिच्यात अॅनी माउंडर होत्या. मोठमोठ्या दुर्बिणींच्या काळात त्यांनी स्वतःच्या लहानशा, दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडळाचा फोटो घेतला, आणि त्यात सूर्यापासून निघालेला इतका लांब किरण आला की तोवर कुणाच्याच फोटोत एवढा लांब आला नव्हता. तो आपल्या वऱ्हाडातून घेतलेला फोटो आहे. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आणि आजही नागपूर-अमरावती गाडीतून तळणी मागे पडते तेव्हा डब्यात कुणाला माहीत नसतं. ही तक्रारही मी याच यादीत घालतो.

आता मला काय हवं आहे ते सांगतो. आमच्याच जिल्ह्यात, रामटेकच्या पुढे, पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले गेले. हे खापा म्हणजे आमच्या सावनेर तालुक्यातलं खापा नव्हे, जंगलाकडचं. त्या गावांतली माणसं अंधारात ठेचकाळत नाहीत. त्यांचे रस्ते उजळलेले आहेत आणि आकाश अंधारं आहे, दोन्ही एकाच वेळी. वाघांसाठी आणि पर्यटकांसाठी जे होऊ शकतं ते खापरखेड्यातल्या माणसांसाठी का होऊ नये, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आमच्या आकाशाला कुणी प्रमाणपत्र देणार नाही, ते मी मागतही नाही. प्लांट आहे, कोराडी आहे, नागपूर आहे, ते राहणारच. पण त्यांच्या उजेडातूनही मृगाचा तेजोमेघ येतो, कृत्तिका येतात, ध्रुवाची वर्तुळं येतात. जे येत नाही ते शेजारच्या तीन-चार दिव्यांमुळे.

तेव्हा पथदिव्यांचे चेहरे जमिनीकडे वळवावेत. नवे घ्यायचे असतील तर ३००० केल्विनचे, पिवळसर घ्यावेत, ते मिळतात. चौकातल्या हायमास्टला वरून झाकण असावं. फोकसना हालचालीवर लागणारं यंत्र बसवावं. शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा तरी गच्चीवर नेऊन मृग दाखवावा. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे आणि मुलांना तिथे नेतात, ते चांगलंच आहे, पण खरं आकाश दाखवायला बसचं भाडं लागत नाही.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल तर निदान एक रात्र तरी द्या. १३ आणि १४ डिसेंबरच्या मधली. मिथुन राशीतून येणाऱ्या उल्कांचा जोर दरवर्षी त्या सुमाराला असतो, आणि विदर्भात पाऊस नसताना, आकाश उघडं असताना होणारा एवढा मोठा वर्षाव दुसरा नाही. पहाटे दोनच्या सुमाराला मिथुन जवळजवळ डोक्यावर येतं, म्हणजे कुठल्याही दिशेला कॅमेरा रोखला तरी चालतं. दोन ते चार, एवढाच वेळ. शेजारच्या काकाजींनी त्यांचा फोकस तेवढा वेळ बंद ठेवायला होकार दिला आहे. समोरच्यांनीही दिला आहे, त्यांच्या मुलीला उल्का पाहायच्या आहेत. खांबावरचा दिवा मात्र अंधार पडला की आपोआप लागतो, आणि त्याचं बटण कुठे आहे ते गल्लीत कुणालाच माहीत नाही.